दीडशेला एक कमी: सुभाष गुप्ते यांची गोष्ट

बोरिवली फास्टमध्ये लटकत ऐकत असाल किंवा घाटकोपरच्या मेट्रोच्या लाईनीत उभे असाल, इअरफोन नीट लावा. आजचा एपिसोड एका बॉलरवर आहे. आपल्या मुंबईचा माणूस, पण आपल्या वयाच्या दहा जणांना नाव विचारलं तर नऊ जण गूगल करतील. सुभाष गुप्ते. ३६ टेस्ट, १४९ विकेट्स.

आधी एक तुलना. १९५० च्या दशकात अमेरिकेत बेसबॉलचा पिचर म्हणजे मोठा स्टार. पण करार असा असायचा की मुदत संपली तरी खेळाडूवर हक्क क्लबचाच. हे जवळपास १९७५ पर्यंत चाललं. म्हणजे बॉल टाकणार हा, आणि याचं करिअर कुठे जाणार ते ठरवणार दुसरंच कोणीतरी. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ चा, मुंबईतला. बारीक अंगकाठी आणि हातात लेगस्पिन. लेगस्पिन मनगटातून फिरतो आणि उजव्या हाताच्या बॅट्समनपासून बाहेर जातो. गुगली दिसायला तशीच, पण हाताच्या मागच्या बाजूने सुटते आणि आत येते. थोडक्यात, इंटरफेस तोच, आउटपुट उलटं. गुप्ते यांच्याकडे अशा दोन वेगवेगळ्या गुगली होत्या. एक ओळखायला शिकलात की ते दुसरी काढणार!

१९५१ च्या शेवटी कोलकात्यात इंग्लंडविरुद्ध त्यांनी टेस्ट पदार्पण केलं. पण नाव खरं गाजलं ते १९५२-५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात. समोर वॉरेल, वीक्स, वॉलकॉट हे तिघे दादा लोक. त्यांच्या घरच्या मैदानांवर गुप्ते यांनी पाच टेस्टमध्ये २७ विकेट्स काढल्या. तिथल्या लोकांनी त्यांना आपल्याच एका लेगस्पिनरच्या, विल्फ फर्ग्युसनच्या नावावरून टोपणनाव दिलं: ‘फर्गी’. पाहुण्या बॉलरला घरच्याचं नाव मिळणं म्हणजे केवढा मान! याच दौऱ्यात त्रिनिदादची कॅरल त्यांना भेटली आणि पुढे दोघांनी लग्न केलं.

मग आकडे येतच गेले. १९५४-५५ मध्ये पाकिस्तानात २१ विकेट्स. त्याच मोसमात मुंबईकडून खेळताना एका डावात दहाच्या दहा, ७८ रन्समध्ये. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये असं करणारे ते पहिले भारतीय. पुढच्या मोसमात न्यूझीलंडविरुद्ध पाच टेस्टमध्ये ३४.

आता पोटापाण्याचं बघू. सेंट्रल कॉन्ट्रॅक्ट नाही, आयपीएल नाही. त्यामुळे गुप्ते मुंबईशिवाय बंगाल आणि राजस्थानकडूनही रणजी खेळले. शिवाय इंग्लंडमध्ये लँकशायर लीगमधल्या रिश्टन या क्लबचे ‘प्रो’ होते. तिकडची पद्धत मजेशीर होती. टीममध्ये बाकी सगळे हौशी, दिवसभर नोकरी करणारे, आणि पैसे घेऊन खेळणारा एकच. हरलात की सगळ्यांची नजर त्याच्यावर. ऑफिसमध्ये प्रॉडक्शन बंद पडलं की सगळे ज्या एका माणसाकडे बघतात, तसंच.

डिसेंबर १९५८, कानपूर. पुन्हा वेस्ट इंडीज. पहिल्या डावात गुप्ते १०२ रन्समध्ये ९ विकेट्स घेतात. टेस्टच्या एका डावात ९ घेणारे पहिले भारतीय. दहावी का नाही? लान्स गिब्सचा कॅच त्यांच्याच बॉलिंगवर विकेटकीपर नरेन ताम्हाणे यांच्याकडून सुटला, आणि मग गिब्सला वसंत रांजणे यांनी आऊट केलं. दुसऱ्या डावात सोबर्सने १९८ ठोकले आणि ती टेस्ट आपण २०३ रन्सनी हरलो.

स्कोअरकार्ड हा एक डेटाबेसच आहे, आणि त्यात सुटलेल्या कॅचचा कॉलमच नाही. त्या काळी आपली फिल्डिंग कच्ची होती. बॉलर बॅट्समनला फसवायचा, कॅच उडायचा आणि खाली पडायचा. रेकॉर्डमध्ये काय दिसतं? एक रन. म्हणून गुप्ते यांची सरासरी २९.५५ बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका. सोबर्स पुढे शेन वॉर्नलाही खेळताना बघून चुकले होते, तरी आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर म्हणून ते गुप्ते यांचंच नाव घ्यायचे.

आता दुखरा भाग. डिसेंबर १९६१. कानपूरला इंग्लंडविरुद्ध गुप्ते ९० रन्समध्ये ५ विकेट्स घेतात आणि भारताविरुद्ध पहिल्यांदाच इंग्लंडला फॉलोऑन मिळतो. मग टीम दिल्लीला जाते, मुक्काम इम्पीरियल हॉटेलमध्ये. गुप्ते आणि ए. जी. कृपालसिंग एका खोलीत. कृपालसिंग यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला फोन करून ड्रिंकसाठी बोलावलं आणि तिने तक्रार केली. तक्रारीची दखल घेणं बरोबरच होतं. पण गुप्ते यांचं म्हणणं होतं की फोन त्यांनी केलेला नव्हता. बोर्डाने दोघांनाही बाहेर बसवलं. गुप्ते यांचा ‘गुन्हा’ काय, तर खोली तीच होती आणि रूममेटला त्यांनी थांबवलं नाही.

ती सिरीज भारताने २-० ने जिंकली, इंग्लंडविरुद्धचा पहिला सिरीज विजय. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर गुप्ते यांना नेलंच नाही. जिथे ते ‘फर्गी’ झाले, तिथेच आपण ०-५ हरलो. कृपालसिंग पुढे भारताकडून पुन्हा खेळले. गुप्ते कधीच नाही. तेव्हा ते फक्त ३२ वर्षांचे होते, आणि लेगस्पिनर त्या वयात कुठे मुरायला लागतो.

एका आयपी ॲड्रेसवरून गडबड झाली म्हणून त्या नेटवर्कवरचे सगळे अकाउंट ब्लॉक करायचे, आणि नंतर खऱ्या माणसाचं अनब्लॉक करून दुसऱ्याचं तसंच ठेवायचं. असं कोणी केलं तर आपण ट्विटरवर केवढा राडा घालू! तेव्हा ना प्लेअर्स असोसिएशन, ना अपील करायची सोय. बेसबॉलवाल्यांचा करार आठवा. खेळ वेगळा, देश वेगळा, पण चावी तशीच दुसऱ्याच्या खिशात.

गुप्ते मग त्रिनिदादला स्थायिक झाले, तिथल्या साखर उद्योगात नोकरी केली, १९६३-६४ मध्ये त्रिनिदादकडून खेळलेही. २००० साली बोर्डाने त्यांना सी. के. नायडू पुरस्कार दिला. ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये ते गेले.

१४९ हा आकडा बघताना मला दीडशेला कमी पडलेली एक विकेट आठवत नाही. ज्या टेस्ट त्यांना खेळूच दिल्या नाहीत, त्या आठवतात. त्यांचाही कॉलम स्कोअरकार्डमध्ये नाही. तो आपल्यालाच लक्षात ठेवावा लागणार.

घरी आजोबा असतील, शेजारी एखादे जुने क्रिकेटवेडे काका असतील, तर आज त्यांना फक्त ‘फर्गी गुप्ते’ एवढंच म्हणा आणि मग गप्प बसून ऐका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!