डिक्टोग्लॉस

डिक्टोग्लॉस : मुख्यतः इंग्रजी ही दुसरी किंवा परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी वर्गात घेतला जाणारा एक छोटा लेखन-उपक्रम. शिक्षक चार-पाच वाक्यांचा उतारा नेहमीच्या वेगाने वाचतात. विद्यार्थी ऐकता ऐकता मोजके शब्द टिपतात आणि नंतर गटात बसून त्या टिपणांवरून उतारा पुन्हा लिहितात. मूळ उतारा अक्षरशः उतरावा अशी अपेक्षा नसते. अर्थ जुळावा, वाक्ये व्याकरणशुद्ध आणि परस्परसंबद्ध असावीत, एवढीच अट असते. ऑस्ट्रेलियातील भाषाशिक्षणतज्ज्ञ रूथ वाइनरिब यांनी ‘ग्रामर डिक्टेशन’ (१९९०) या पुस्तकात ही पद्धत सविस्तर मांडली.

पार्श्वभूमी : श्रुतलेखन ही भाषावर्गातली जुनी रीत. तीत शिक्षक वाक्याचे तुकडे पाडून सावकाश सांगतात आणि विद्यार्थी ते जसेच्या तसे लिहितो. अर्थ न कळताही हे जमू शकते. त्यामुळे संवादकेंद्री अध्यापनाचा प्रसार झाल्यावर श्रुतलेखन यांत्रिक ठरवले जाऊ लागले. पॉल डेव्हिस व मारियो रिनव्होलुक्री यांच्या ‘डिक्टेशन’ (१९८८) या पुस्तकाने त्याचे अनेक नवे प्रकार पुढे आणले. वाइनरिब यांनी एक पाऊल पुढे टाकून ऐकणे आणि लिहिणे यांच्यामध्ये मुद्दाम अंतर ठेवले : सगळे उतरवून घेण्याइतका वेळच द्यायचा नाही.

कार्यपद्धती : उपक्रमाचे चार टप्पे असतात. पूर्वतयारीत विषयाची ओळख व अवघड शब्द येतात. श्रवणाच्या टप्प्यात उतारा दोनदा वाचला जातो. पहिल्यांदा फक्त ऐकायचे, दुसऱ्यांदा महत्त्वाचे शब्द टिपायचे. पुनर्रचनेत गटातील एकजण लेखनिक होतो आणि बाकीचे आपापली टिपणे जुळवून वाक्ये सुचवतात. या वेळी शिक्षक भाषिक मदत करत नाहीत. शेवटी विश्लेषण व दुरुस्ती. गटांची लेखने फळ्यावर येतात, त्यांची तुलना होते आणि मूळ उतारा त्यानंतरच दाखवला जातो.

उदाहरणार्थ, ‘व्हेन द रेन स्टार्टेड, द फार्मर हॅड ऑलरेडी सोल्ड हिज मँगोज’ हे वाक्य वाचले, तर वहीत बहुधा ‘रेन, स्टार्टेड, फार्मर, सोल्ड, मँगोज’ एवढेच उरते. एखाद्या गटाने ‘व्हेन द रेन स्टार्टेड, द फार्मर सोल्ड हिज मँगोज’ असे लिहिले, तर पाऊस आल्यावर आंबे विकले असा अर्थ होतो. आधी काय घडले यावर गटात वाद झाला की ‘हॅड’ची गरज विद्यार्थ्यांच्याच लक्षात येते. ‘बिफोर’ वापरून कोणी वेगळे वाक्य केले आणि घटनाक्रम बरोबर राखला, तर तेही ग्राह्य धरले जाते.

सैद्धांतिक आधार : कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या इमर्शन वर्गांत इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंच उत्तम समजे, पण बोलण्यालिहिण्यात व्याकरणाच्या चुका वर्षानुवर्षे राहत. यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये असे मांडले, की भाषा नुसती समजून पुरत नाही, ती स्वतः घडवावी लागते. घडवताना आपल्याला काय येत नाही ते उमगते. मारिया कोवल व स्वेन यांनी १९९४ मध्ये अशाच वर्गांत डिक्टोग्लॉस वापरून विद्यार्थ्यांची आपसातली चर्चा अभ्यासली. भाषिक रूपाकडे लक्ष गेल्याशिवाय ते आत्मसात होत नाही, हे रिचर्ड श्मिट यांचे १९९० मधील प्रतिपादनही या उपक्रमाच्या समर्थनार्थ दिले जाते.

प्रकार : जॉर्ज जेकब्ज व जॉन स्मॉल यांनी २००३ मध्ये सहकारी अध्ययनाशी जोडलेले अनेक प्रकार नोंदवले. उताऱ्याचा फक्त सारांश लिहिणे, क्रम बदललेली वाक्ये ऐकून योग्य क्रम लावणे, मूळ मजकुरात स्वतःची भर घालणे, मध्ये मध्ये आपले मत लिहिणे, ऐकलेल्या वर्णनावरून चित्र काढणे हे त्यांपैकी काही.

मराठीभाषक विद्यार्थी : महाराष्ट्रात २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. मराठीत उपपदे नाहीत. इंग्रजीत स्वतंत्र शब्दाने दाखवले जाणारे अनेक संबंध मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामामागे जोडून दाखवतात. त्यामुळे ‘अ’, ‘द’, ‘अ‍ॅट’, ‘टू’ हे शब्द घाईत सहज निसटतात. पुनर्रचनेत नेमक्या याच जागा रिकाम्या दिसतात, म्हणून या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वर्गात हा उपक्रम विशेष उपयोगी पडू शकतो.

मर्यादा : उतारा पातळीपेक्षा कठीण असेल, तर टिपणे इतकी तोकडी राहतात की पुनर्रचना अंदाजावर चालते, फार सोपा असेल, तर तो पाठ होतो आणि उपक्रम श्रुतलेखनाकडे झुकतो. गटातील कुवतीचे अंतर मोठे असल्यास एकजण लिहितो, बाकीचे बघत राहतात. मोठ्या वर्गात चर्चा मातृभाषेकडे वळते; मात्र चर्चेचा विषय इंग्रजी वाक्याची रचनाच असेल, तर ते उपक्रमाच्या उद्देशाला बाधक ठरत नाही. चौथा टप्पा वेळेअभावी गाळला, तर गटाने एकमताने केलेली चूक तशीच पक्की होण्याचा धोका असतो.