बारा पाव तीन

अध्यापक विद्यालयात असताना माझा पहिला सराव-पाठ अपूर्णांकांच्या भागाकाराचा होता. तिनाला पावाने भागायचे. अपूर्णांक उलटा केला, गुणिले, उत्तर बारा. तोच एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, भागल्यावर कमी व्हायला हवं ना? मग तिनाचे बारा कसे झाले?"

"तसा नियमच आहे, बाळ," मी म्हणालो. ती निमूट खाली बसली. त्या निमूटपणाची मला आजही लाज वाटते.

मास्तर होणाऱ्याला गणित किती यावे, हा प्रश्न तेव्हापासून मागे लागला. आणि तो जुना निघाला.

पूर्वीच्या पंतोजींना हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. धुळपाटीवर अक्षरे गिरवून घ्यावीत आणि संध्याकाळी परवचा म्हणवून घ्यावा, एवढे त्यांचे काम. पण त्या परवचात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी होती. इतकेच नव्हे, साडेतिनाची औटकीही होती! सोळा आण्यांच्या रुपयाला आणि चाळीस शेरांच्या मणाला हेच गणित लागे. सात शेर गूळ पाऊण रुपया शेराने घेतला, तर मुलगा बोट न मोडता सव्वापाच रुपये सांगे. का, ते मात्र त्याला ठाऊक नसे, आणि बहुधा पंतोजींनाही नसे.

मग आले कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस. हे इंजिनिअर अधिकारी मुंबईच्या शिक्षण-मंडळीचे चिटणीस होते. हटनसाहेबांचे गणित त्यांनी मराठीत आणि गुजरातीत उतरविले, आणि १८२६ साली मंडळीने तयार केलेले २४ मास्तर निरनिराळ्या जिल्ह्यांत शाळा काढण्यास निघाले. गंमत अशी, की हटन यांचा ग्रंथ मूळचा वुलिचच्या लष्करी अकादमीतील कॅडेटांसाठी लिहिलेला. तोफखान्यासाठी रांधलेले ताट गावच्या शाळेत मांडले गेले! तरीही जर्व्हिस यांचे ऋण मोठे. देशी भाषांतूनच शिकवावे म्हणून पुढे १८४०च्या दशकात ते अर्स्किन पेरींशी भांडले. आणि हटनमध्ये निदान 'का' होते.

१८४५ साली मुंबईत शिक्षकांसाठी नॉर्मल क्लास निघाला, तो बाळशास्त्री जांभेकरांच्या हाती दिला गेला. पुढल्याच वर्षी बाळशास्त्री गेले. नंतर पुण्याच्या नॉर्मल शाळेत केरूनाना छत्रे आले. कुलाबा वेधशाळेत वर्षानुवर्षे वेध घेतलेला हा माणूस होऊ घातलेल्या मास्तरांना शिकवीत होता; शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तकही त्याने लिहिले. ग्रहगणित जाणणाऱ्याला बेरीज-वजाबाकी शिकविणे हलके वाटले नाही, हे मला फार मोठे वाटते.

१ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, मागोमाग किलोग्रॅम आला, आणि औटकी-दिडकीचे काम सरले. आमच्या अभ्यासक्रमात त्या नव्हत्याच.

एकदा दिवाळीच्या आधी आजी चिवड्याचे पोहे पावपाव किलोच्या पुड्यांत बांधीत होती. पोहे तीन किलो. पुड्या बांधताना ती जुन्या सवयीने पुटपुटत होती, आणि शेवटची बांधून म्हणाली, "बारा पाव तीन."

मी पुड्यांकडे पाहतच राहिलो. तिनात पाव किती वेळा मावतात, एवढेच त्या मुलीने विचारले होते.

पुढे वजनकाटा आणि पोहे घेऊन मी तो पाठ पुन्हा घेतला. ती मुलगी तोवर वरच्या इयत्तेत गेली होती.