आपल्या सभामंडपाचे छप्पर : माळवदापासून अस्तराच्या कौलांपर्यंत

गाभारा, कळस, मूर्ती आणि दानशूर मंडळी यांविषयी या स्मरणिकेत इतर जाणकारांनी लिहिले आहेच. संपादक मंडळाने प्रस्तुत लेखकाकडे छपराचा विषय सोपविला. विषय रुक्ष आहे खरा. परंतु जीर्णोद्धाराच्या बैठकांत सर्वात जास्त वाद ज्यावर झाला, आणि ज्याच्यासाठी सर्वात शेवटी पैसा उभा राहिला, ते हे छप्परच होय. म्हणून त्याचा थोडा इतिहास ग्रामस्थांसमोर ठेवीत आहे.

कौलारू छप्पर हे आपल्या भागाचे मूळचे नव्हे. येथे पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि ऊन मात्र आठ महिने. त्यामुळे आपल्या पूर्वजांनी माळवद पसंत केले. लाकडी तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर किलचा, मग पाला, मग मातीचा जाड थर आणि वरून पांढरी माती. काळी माती छपराला चालत नाही. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. मृगापूर्वी दरवर्षी माळवदावर नवी माती टाकावी लागे. उन्हाळ्यात खाली गारवा, वर कुरडया-पापडांचे वाळवण आणि रात्री निजण्याची सोय. आजही जुनी माणसे माळवदाची आठवण काढतात ती उगाच नव्हे.

पण दरवर्षी पडणारी ही माती वजन वाढवीत जाते, याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. दीड फूट मातीचा थर धरला तर चौरस मीटरला सातशे किलोंच्या घरात भार होतो. हा भार काय करतो ते मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिले. गणपती विसर्जनाच्या रात्री दमून निजलेली लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील गावे किल्लारीच्या भूकंपात सापडली आणि आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे अंगावर आली, हे त्या प्राणहानीचे मोठे कारण. आपल्या मंदिराचे माळवद त्याच्या पुष्कळ आधी निघाले होते. तथापि स्लॅब टाकावा असा आग्रह यावेळी झाला तेव्हा किल्लारीचा दाखला देणे भागच पडले. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला तीनशे किलोंहून अधिक. आणि आपल्या सभामंडपाच्या भिंती मातीत बांधलेल्या दगडांच्या. मंगळुरी कौल अडीच किलोंचे धरले व चौरस मीटरला पंधरा कौले धरली तर भार चाळीस किलोंच्या आतच राहतो. लाकडाचे वजन वेगळे धरले तरी हिशेब कौलांच्याच बाजूने पडतो.

आता हे मंगळुरी कौल आले कोठून? दोन कौले कडेच्या खाचांनी एकमेकांत बसवावीत ही युक्ती मूळची फ्रान्समधील आल्सास प्रांतातील गिलार्डोनी बंधूंची. त्यांनी १८४१ साली तिचे पेटंट घेतले. पुढे स्वित्झर्लंडमधील बाझेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूर येथे कारखाना काढला व तेथील नदीकाठच्या चिकणमातीपासून अशी कौले पाडण्यास सुरुवात केली. त्यांच्या कौलांच्या पाठीवर १८६५ हा आकडा उठविलेला असे. पुष्कळांना वाटते की कौलच त्या साली भाजले. वास्तविक ते कारखान्याच्या स्थापनेचे साल होय. पहिल्या महायुद्धानंतर हा कारभार कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला, परंतु तोवर आसपास इतरही कारखाने निघाले होते आणि 'मंगळुरी' हे गावाचे नाव न राहता कौलाच्या जातीचे नाव झाले होते. आपल्याकडे त्याला वाट मिळाली ती मनमाडहून जालन्यावरून हैदराबादकडे जाणाऱ्या रेल्वेमुळे. इतकी जड आणि फुटकी वस्तू बैलगाडीने पश्चिम किनाऱ्यावरून आणणे कोणाला परवडले असते?

कौल घातले म्हणजे गळती थांबली, असा समज आहे. तो अर्धाच खरा. सरळ पडणारा पाऊस कौल अडविते. वळवाचा आडवा पाऊस वाऱ्याबरोबर खाचेतून वर चढतो. शिवाय आपल्याकडे वानरांची टोळी! एक उडी आणि चार कौले सरकलेली. सरकलेले कौल खालून दिसत नाही. दिसते ती तीन वर्षांनी काळी पडलेली रीप.

जुन्या लोकांना हे ठाऊक होते. देशी नळीच्या कौलांखाली ते तुराट्या किंवा बांबूचे तट्टे अंथरून त्यांवर मातीचा लेप देत. मंगळुरी कारखान्यांनीही कौलाखाली बसविण्याची सपाट कौले काढली होती. म्हणजे कौलाखाली दुसरे काहीतरी हवे, हा विचार जुनाच आहे. मध्यंतरी मात्र आपण सोपा मार्ग धरला आणि कौलांखाली प्लॅस्टिकची ताडपत्री ताणली. पाणी खाली येईना म्हणून सर्वांना समाधान वाटले. सप्ताहात चारशे माणसांचा श्वास, समयांची व धुपाची ऊब, ही सारी वाफ वर जाऊन त्या ताडपत्रीला लागली, तिचे पाणी झाले आणि ते वाशांत मुरले. यंदा कौले उतरविली तेव्हा वळचणीकडचे सागवानी वासे बोटाने उकरता येत होते. ताडपत्री मात्र शाबूत होती.

यावेळी घातलेले अस्तर निराळे आहे. ते तीन पदरी असते. वरचा आणि खालचा पदर न विणलेल्या धाग्यांचा, मधला पदर अगदी पातळ पापुद्र्याचा. त्यातून पाण्याचा थेंब खाली येत नाही, पण खालची वाफ बाहेर निघून जाते. बैठकीत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "जे कापड कोणाला दिसणार नाही, त्यावर पावती कोणी फाडायची?" प्रश्न रास्त होता. घंटेवर नाव घालता येते, फरशीवर घालता येते. अस्तरावर कोठे घालणार? शेवटी भजनी मंडळातील महिलांनी भिशीतून पहिली रक्कम दिली. त्यांनी नावाचा फलक नको म्हणून सांगितले, म्हणून येथेही नावे दिलेली नाहीत. त्यानंतर मात्र पैसा अडला नाही.

काम कसे झाले तेही नमूद करणे उचित होईल, कारण पुढे दुरुस्ती करणाऱ्यास उपयोग होईल. कुजलेले वासे बदलून अस्तर वळचणीपासून आढ्याकडे आडवे अंथरत नेले, वरचा पट्टा खालच्या पट्ट्यावर वीतभर घेतला. त्यावर वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या ठोकल्या, आणि त्यांवर आडव्या रिपा. उभ्या पट्टीमुळे कौल व अस्तर यांत पोकळी राहते, चुकून आत आलेले पाणी रिपेला न अडता थेट पन्हळीत जाते. घाईत उभी पट्टी गाळण्याचा मोह कारागिरांना होतो, तेथे उभे राहून लक्ष ठेवावे लागले. असे अस्तर फार दिवस उन्हात उघडे राहू देऊ नये, म्हणून एक पाखे पूर्ण झाकल्याखेरीज दुसरे उघडले नाही.

जुनी कौले फेकली नाहीत. प्रत्येक कौल वाजवून पाहिले. खणखणीत वाजले ते ठेवले, बद्द वाजले ते बाजूला काढले. निरनिराळ्या कारखान्यांची कौले एकमेकांत बसत नाहीत, म्हणून जुनी सर्व मागच्या पाख्यावर आणि नवी पुढच्या पाख्यावर घातली आहेत. समोरून पाहणाऱ्यास रंगात फरक दिसतो तो यामुळे. उरलेली दोन्ही जातींची कौले आणि अस्तराचा एक गुंडाळा भांड्यांच्या खोलीत माळ्यावर ठेवला आहे. किल्ली पुजाऱ्यांकडे आहे.