मेळ्याला चाललात? मग जुनेच बूट घाला

नवे बूट घालून आलात, इथंच पहिली चूक झाली. आज 16 एप्रिल 1977, शनिवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिव्हिक ऑडिटोरियमबाहेर तुम्ही रांगेत उभे आहात आणि दरवाजा काही दिसत नाहीये. एक रांग इमारतीला डावीकडून वळसा घालून गेलीय, दुसरी उजवीकडून, आणि मागच्या बाजूला दोघींची गाठ पडलीय. आपण नेमके कुठल्या रांगेत आहोत, हे कुणालाच सांगता येत नाही. गार वारा कॉलरमधून आत शिरतोय. एप्रिल म्हणून स्वेटर घरी ठेवलात ना? इथला एप्रिल आपल्यासारखा नसतो. आणि खिशात मोबाइल चाचपू नका, तो यायला अजून खूप अवकाश आहे.

वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर या संगणकांच्या मेळ्याला निम्मी कमाई या रांगेतच होते. तुमच्या पुढच्या दाढीवाल्याने खिशातून एक डबी काढलीय. आत काळ्या स्पंजात टोचलेली चिप. तिचे पाय वाकतील म्हणून तो तुम्हाला हातही लावू देत नाही, पण दाखवायची हौस मात्र दांडगी. ‘तुम्ही कुठे नोकरी करता?’ असलं काही विचारू नका. ‘घरी काय बनवताय?’ एवढंच विचारा, की गडी सुटलाच. दार येईपर्यंत त्याच्या गॅरेजमधली प्रत्येक तार तुम्हाला पाठ होईल.

आत पाऊल टाकलंत की आधी गरम हवा अंगावर येते. दोन दिवसांत तेराएक हजार माणसं इथून जाणार आहेत आणि त्यातली बरीच आत्ता तुमच्याच खांद्याला घासतायत. सिगारेटचा धूर, तापलेल्या टीव्हीचा वास, घाम. कुणीतरी टेबलाखाली वाकून ऐन वेळी सुटलेली तार सोल्डर करतंय, तिथून राळेचा खमंग धूर येतो. आणि तो आवाज! पत्र्यावर गारा पडाव्यात तसं टेलिटाइप नावाचं छापयंत्र खडखडतंय. सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं, तीही सगळी कॅपिटल. टेबलावर हात टेकवा, खडखडाट कोपरापर्यंत चढतो.

दारातून शिरताच समोर ॲपलचा स्टॉल. मागे उजळलेलं बोधचिन्ह, पुढे सुटाबुटातले दोन स्टीव्ह, जॉब्ज आणि वॉझ्नियॅक. जॉब्जला सुटात बघून तुम्हाला हसू येईल, आवरा. ॲपल टूची तयार यंत्रं तीनच आहेत. मागची खोक्यांची चळत नुसती रिकामी, माल भरपूर आहे असं वाटावं म्हणून. यंत्राचं प्लॅस्टिकचं कवच जवळून बघा. आलं तेव्हा खडबडीत होतं, पोरांना बसवून घासून घेतलंय. पडद्यावर मात्र खरे रंग! किंमत 1298 डॉलर, मेमरी चार किलोबाइट. तुम्ही वाचताय तो हा लेखही त्यात मावणार नाही.

इथंच खिळून राहू नका, सगळे तेच करतायत. कमोडोर कंपनीचं पेट हे यंत्र गाठा: टीव्ही, कीबोर्ड, कॅसेट सगळं एकाच अंगात, आणि कीबोर्ड इतका चिमुकला की बोटं एकमेकांत अडकतात. आत चिप कुठली, विचारा. 6502. म्हणजे ॲपलच्या पोटात आहे तीच! एका हॉलमध्ये दोन्ही यंत्रं एकापाठोपाठ हाताळून बघायला मिळणं, मेळ्याला यायचं ते यासाठी. माहितीपत्रकं घरबसल्याही मागवता येतात.

वरच्या सत्रांची यादी खिशात ठेवा, पण तिचे गुलाम होऊ नका. भाषणं नंतर पुस्तकात छापून येणार आहेत. टेबलामागचा माणूस मात्र उद्या संध्याकाळी गाडीत सामान भरून निघून जाईल. अपवाद लेखक टेड नेल्सनचा. भाषणाचं नावच मुळी ‘ती अविस्मरणीय पुढची दोन वर्षं’. असल्या माणसाला ऐकायलाच हवं.

पाय बोलायला लागलेत? बसायला जागा मिळणार नाही. भिंतीला टेका आणि पिशवीतला कागदांचा गठ्ठा चाळा. त्यात एक पत्रक ‘झाल्टेअर’ नावाच्या भन्नाट यंत्राचं आहे. ऑर्डर द्यायला धावू नका, असं यंत्रच नाही. वॉझ्नियॅकने थट्टा म्हणून अशी हजारो पत्रकं छापून वाटलीयत. जॉब्जही ते खरं मानून वाचणार आहे आणि त्यातल्या तक्त्यात ॲपल टू फारसं मागे नाही हे बघून खूशही होणार आहे. त्याला काही बोलू नका. बऱ्याच वर्षांनी वॉझ्नियॅक तेच पत्रक फ्रेम करून त्याला वाढदिवसाची भेट देणार आहे, तेव्हा कळेलच.