महेश्वरचा माग आणि स्त्रियांचा हात

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत दरवर्षी पूर्वजांविषयी काही ना काही लिहून येते. कोणी मागाच्या उत्पत्तीची कथा सांगतो, कोणी जुन्या पेठेत आपली किती घरे होती याचा शोध घेतो. हे सर्व मी आवडीने वाचतो. तथापि एक गोष्ट मनास टोचत राहते. या साऱ्या लेखनात विणकर म्हणून जो येतो तो पुरुष. रहाटावर कांड्या भरणारी, पांजणीला उन्हात उभी राहणारी, तुटलेला धागा नजरेने हेरून सांधणारी स्त्री त्यात कोठे आढळत नाही. गतवर्षी ओंकारेश्वरच्या यात्रेहून परतताना महेश्वर येथे दोन दिवस मुक्काम घडला आणि हा विषय लिहून काढावा असे मनाने घेतले.

महेश्वर हे मध्यप्रदेशातील खरगोन जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे. महाराष्ट्राशी त्याचे नाते अहिल्यादेवी होळकरांमुळे. देवींचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी गावी झाला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ साली सासरे मल्हारराव गेले, आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव. इतके आघात सोसून त्यांनी १७६७ साली राज्याची धुरा हाती घेतली व महेश्वर ही राजधानी केली. १७९५ साली निधन होईतो, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षे, त्यांनी राज्य केले.

काशी विश्वेश्वराचे मंदिर, गयेचे विष्णुपद, ठिकठिकाणचे घाट आणि धर्मशाळा, ही देवींची कीर्ती मी स्वतः सदतीस वर्षे वर्गात शिकविली. त्यांनी माग उभे केले, ही गोष्ट मात्र मी मुलांना एकदाही सांगितली नाही, कारण ती मलाच ठाऊक नव्हती. विणकराच्या घरी जन्मलेल्या मास्तराची ही कथा!

देवींनी दूरदूरच्या प्रांतांतून कुशल विणकर बोलावून आणून महेश्वरी वसविले, असे परंपरा सांगते. दरबारी आलेल्या पाहुण्यांस, आप्तांस अहेर करावयाचा तो येथल्याच लुगड्या-पागोट्यांचा, असा प्रघात पडला. पहिल्या नक्षीची कल्पना खुद्द देवींची होती, असेही तेथील लोक मानतात. ते असो. परंतु किल्ल्याच्या व घाटाच्या दगडावरील कोरीवकाम लुगड्याच्या काठावर उतरले आहे, हे कोणासही डोळ्यांनी पाहता येते. चटई, वीट, हिरा, चमेलीचे फूल, नर्मदेच्या लाटा ही त्या काठांची नावे. महेश्वरी लुगड्याची खूण दोन ठिकाणी पाहावी. एक, 'बुगडी' म्हणतात तो काठ, जो दोन्ही बाजूंनी सारखा दिसत असल्यामुळे लुगडे उलटसुलट कसेही नेसावे. दुसरी, पदरावरील पाच पट्टे, तीन रंगीत व दोन पांढरे. पूर्वी ही लुगडी निव्वळ सुती असत. पुढे ताणा रेशमाचा व बाणा सुताचा, असे निमरेशमी वस्त्र निघू लागले. ते हातात घेतले तर वजन भासत नाही.

देवींच्या राज्यकारभाराची एक गोष्ट आपल्या विषयाशी लागून आहे, म्हणून येथे सांगतो. निपुत्रिक मनुष्य मेला म्हणजे त्याचे द्रव्य सरकारजमा करावयाचे, ही त्या काळची वहिवाट. अशा धनावर हात टाकण्यास देवींनी नकार दिला. विधवेचे धन तिच्यापाशी राहू दिले, दत्तक घेण्यास मोकळीक दिली. माळव्यात राहून १८२३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध करणारे सर जॉन माल्कम यांनीही देवींच्या या न्यायबुद्धीची वाखाणणी केली आहे. स्वतः वैधव्य भोगलेल्या बाईस बाईच्या हातातील चार पैशांचे मोल कळले होते. मागाला तिने आश्रय दिला तोही याच बुद्धीने, असे मला वाटते.

१८१८ साली मंदसोरचा तह झाला, राजधानी इंदुरास गेली आणि महेश्वरच्या मागांचा राजाश्रय आटला. पाठोपाठ गिरणीचे कापड आले. पुढची दीडशे वर्षे जशी आपल्याकडे गेली तशीच तेथेही गेली. ती कहाणी प्रत्येक वाचकाच्या घरात आहे.

नंतर १९७९ साली होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर व त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या पत्नी सॅली होळकर यांनी महेश्वरी 'रेवा सोसायटी' ही संस्था काढली. रेवा हे नर्मदेचेच नाव. आरंभ केला तो मोजक्या स्त्रियांपासून. मागाभोवतीचे काम स्त्रियांनी करावे आणि मागावर मात्र पुरुषाने बसावे, ही जुनी चाल. येथे स्त्रियांस विणणे शिकवून मागावरच बसविले. संस्था नफा वाटून घेण्यासाठी नाही. विणकरांच्या मुलांची शाळा, औषधपाणी, घरे यांकडेही तिने लक्ष पुरविले. सॅलीबाईंनी पुढे २००२ साली 'विमेनवीव्ह' ही दुसरी संस्था काढली. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या माग नव्हता अशाही स्त्रियांना तिने सूतकताई व विणकाम शिकविले.

किल्ल्यातील मागांची खटखट मी बराच वेळ ऐकत उभा होतो. एक पोक्त बाई धोटा फेकीत होती आणि मध्येच थांबून काठाचा धागा बोटाने चाचपीत होती. ती खूण मला ओळखीची होती.

येथे एक शंका मांडणे प्राप्त आहे. दोनशे वर्षांपूर्वी राणी, नंतर राजघराण्याची सून, म्हणजे नेतृत्व दोन्ही वेळा वाड्यातूनच उतरले. विणकराच्या घरची बाई हिशेबाच्या गादीवर केव्हा बसणार? ही शंका खोटी नव्हे. परंतु वाड्यातील त्या बायांनी जे केले ते आपल्या पंचांना, आपल्या सोसायट्यांना का सुचले नाही, हेही त्याच दमात विचारले पाहिजे. माझ्या घरचा अनुभव सांगतो.

आमचे वडील एका विणकर सोसायटीचे सभासद होते. माझ्या लहानपणी त्यांना दम्याचा विकार जडला. चार महिने ते मागावर बसू शकले नाहीत. त्या चार महिन्यांत सोसायटीत जी नऊवारी लुगडी गेली ती सर्व आईने विणलेली. दिवसा घरकाम, रात्री कंदिलाच्या उजेडात खड्ड्यात पाय सोडून ती माग चालवी आणि आम्ही भावंडे कांड्या भरीत असू. वहीवर नाव लागले ते वडिलांचे. त्यात कोणास काही वावगे वाटले नाही, आईसही नाही. पुढे वडील वारले. आई सुताचा कोटा आणावयास गेली तेव्हा चिटणीसांनी अदबीने सांगितले, "वहिनी, भाग तुमच्या नावावर नाही. सभासद गेला, खाते बंद झाले." तीच बाई, तोच माग, तेच हात. वही तेवढी वेगळे सांगत होती. सहा महिन्यांनी माग मोडून विकला गेला. आई दुसऱ्यांच्या घरी कांड्या भरू लागली आणि मी मॅट्रिक झालो तो त्या पैशांवर.

चिटणीस दुष्ट नव्हते. त्यांच्या घरीही बायका हेच काम करीत होत्या. परंतु ज्याला आपण काम म्हणतच नाही त्याला खाते कोठून असणार? महेश्वरच्या त्या पोक्त बाईस पाहताना माझ्या मनात आले ते एवढेच की, आमच्या आईपेक्षा हिचा हात काही फार निराळा नाही. हिच्या मागे कोणी उभे राहिले आणि आईच्या मागे कोणी राहिले नाही.

आपल्या मंडळाने यंदा कुटुंबनोंदीचे पुस्तक नव्याने छापावयाचे ठरविले आहे. मागील पुस्तकात कुटुंबप्रमुख, गोत्र, मूळ गाव, धंदा असे रकाने होते आणि स्त्रियांच्या नावापुढे 'घरकाम' असे छापले होते. ज्या घरातील आजी, आई, काकू यांनी माग चालविला, ताणा केला, कांड्या भरल्या, त्यांच्या नावापुढे ते काम लिहावे, आणि ज्या अद्याप हयात आहेत त्यांस विचारून लिहावे, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे. रकाना वाढविल्यास कागद वाढेल, असे एका सभासदाने मला सांगितले. तो खर्च किती येतो ते कळवावे. मी माझ्या घराचे पान भरून पाठविले आहे. आईच्या नावापुढे 'विणकर' असे लिहिले आहे.