सशाच्या रक्ताची साक्ष

मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे १९३८ साली रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या ज्यू विदुषीला तुरीनच्या विद्यापीठाचे दार बंद झाले. पुढे युद्धकाळात त्यांनी आपल्या शयनगृहातच प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या गर्भातील मज्जातंतूंचा अभ्यास आरंभिला. १९४७ साली त्या अमेरिकेत, सेंट लुईस येथे गेल्या. तेथे मज्जातंतूंना फुटवा आणणारे एक द्रव्य त्यांना उंदराच्या अर्बुदात आढळले. त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांना तसेच द्रव्य सापाच्या विषात व उंदराच्या लालाग्रंथीतही गवसले.

शंका उरली ती एवढीच, पण मोठी : काचेच्या बशीत तंतू वाढविणारे हे द्रव्य जिवंत देहाला खरोखर लागते काय? ते टोचल्याने त्याचे सामर्थ्य कळे, गरज नव्हे. गरज कळण्यास ते हिरावून घेणेच भाग होते. आणि देहात भिनलेले द्रव्य हिरावून घ्यावे कसे?

कोहेन यांनी ते सशांना टोचले. सशांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे उपजली. घोड्याला सर्पविष टोचून प्रतिविष मिळविण्याची जी रीत मुंबईच्या हाफकिन संस्थेमुळे आपल्या परिचयाची आहे, तीच ही. मग ते रक्तजल नवजात उंदरांना दिले. पिल्ले एरवी वाढत राहिली. परंतु त्यांच्या अनुकंपी मज्जासंस्थेतील पेशी जवळजवळ समूळ नाहीशा झाल्या! १९६० साली हे प्रसिद्ध झाले. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसातील त्याच द्रव्याविरुद्ध घडविलेले एक प्रतिपिंड पुढे सांधेदुखीवर योजून पाहण्यात आले. वेदना शमल्या, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजले, आणि २०२१ साली त्याचा नाद सोडावा लागला.