म्हातारचळ

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्यापैकीं बहुतेकांनीं कधीं ना कधीं दुसऱ्याला लावलेली असते. मीं आतां साठी ओलांडली आहे, आणि चष्मा कपाळावर असतां तो घरभर शोधतांना ती म्हण स्वतःलाहि लावून पाहिली आहे. परंतु आज ज्या विस्मृतीविषयीं बोलावयाचें आहे ती चष्म्याची नव्हे. मी डॉक्टर नव्हे, मॅट्रिक झालेला मास्तर. तेव्हां औषध सांगणें हें माझें काम नाहीं. इतिहास तेवढा सांगतों.

मी मीरा-भाईंदरला राहतों. मिठागरांच्या ह्या गांवांची १९८५ सालीं नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका. २०११ च्या शिरगणतींत वस्ती आठ लाखांवर गेली होती. मुंबईच्या चाळी सोडून मुलांनीं येथें घरें घेतलीं आणि मागाहून आईबाप आले. आमच्या शाळेंतले गणिताचे एक वडीलधारे शिक्षक असेच आले. एके दिवशीं पहाटे सदरा चढवून, छत्री घेऊन ते घराबाहेर पडले, ते दुपारीं भाईंदर स्टेशनाच्या फलाटावर सांपडले. कोठें निघालां होतां, असें विचारतां म्हणाले, “परीक्षा आहे, उशीर झाला.” त्यांना पावकी-निमकी घडाघड येत होती; मुलाचें नांव मात्र येईना. त्याआधीं दोन वर्षें त्यांच्या विसरण्याला घरचीं माणसें म्हातारचळ म्हणत होतीं. “वयाचें आहे, चालावयाचेंच,” हा सल्ला त्यांना देणारा मीच.

आतां सव्वाशे वर्षें मागें चला. ज्या १९०१ सालीं आमच्या जिल्ह्याच्या गांवीं, ठाण्यास, मनोरुग्णांचें इस्पितळ निघालें, त्याच सालच्या नोव्हेंबरांत जर्मनींतील फ्रँकफुर्टच्या तशाच एका इस्पितळांत ऑगुस्ट डेटेर नांवाची एकावन्न वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर आलोइस अल्झायमर तिला तपासावयास बसले. नांव विचारलें, ती म्हणाली ‘ऑगुस्ट’. आडनांव विचारलें, तरी ‘ऑगुस्ट’. नवऱ्याचें नांव विचारलें, तर जरा विचार करून पुन्हां ‘ऑगुस्ट’च. स्वतःचें नांव लिहावयास सांगितलें, तें पुरें होईना. डॉक्टरांनीं प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर टिपून ठेवलें. आम्हां मास्तरांना हेवा वाटावा अशी ती टिपणें आहेत.

१९०६ च्या एप्रिलांत ती वारली. अल्झायमर तेव्हां म्युनिकला होते. तिचा मेंदू त्यांनीं तेथें मागवून घेतला आणि चांदीच्या क्षारानें रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. पेशींच्या बाहेर कसलीशी पुटें सांचलेलीं, आणि पेशींच्या आंत धाग्यांचा गुंता. ३ नोव्हेंबर १९०६ रोजीं ट्यूबिंगेनच्या सभेंत त्यांनीं हें सांगितलें, तेव्हां एकाहि श्रोत्यानें प्रश्न विचारला नाहीं. १९१० सालीं क्रेपेलिन ह्यांनीं आपल्या पाठ्यपुस्तकांत रोगाला अल्झायमरांचें नांव दिलें. १९१५ सालीं अल्झायमर वारले, तेव्हां तेहि एकावन्न वर्षांचेच होते. विस्मृतीच्या रोगाचें हें मूळ दप्तरच पुढें विस्मृतींत गेलें. तें १९९५ सालीं फ्रँकफुर्टलाच सांपडलें!

नांव मिळालें, पण त्यानेंच एक घोटाळा केला. हा रोग पन्नाशीच्या आंतबाहेरचा आणि दुर्मिळ समजला जाऊं लागला. सत्तरीचा मनुष्य विसरूं लागला कीं तें वय. म्हणजे जर्मन भाषेंतहि म्हातारचळच. १९६८ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसलच्या संशोधकांनीं वृद्धांचे मेंदू तपासून दाखविलें कीं, पुटें जितकीं अधिक तितका बुद्धीचा ऱ्हास अधिक. १९७६ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट कॅट्झमन ह्यांनीं स्पष्ट लिहिलें कीं, पन्नाशीचा व सत्तरीचा रोग एकच आहे. तेव्हां कोठें जगाला कळलें कीं हा रोग घरोघर आहे.

पुढची हकीकत आशानिराशेची आहे. मेंदूंतील ॲसिटिलकोलिन हें द्रव्य कमी पडतें असें आढळलें; तें टिकवून धरणारीं औषधें १९९३ पासून निघालीं. त्यांतील १९९६ चें डोनेपेझिल आजहि देतात. त्यानें कांहीं काळ आधार मिळतो, रोग थांबत नाहीं. १९८४ सालीं ग्लेनर व वाँग ह्यांनीं पुटांतील ॲमिलॉइड हें प्रथिन ओळखलें, आणि तेंच रोगाचें मूळ असें पुष्कळांचें मत झालें. मग औषधांमागून औषधें फसलीं. ॲमिलॉइडवरील २००६ सालचा एक गाजलेला निबंध चित्रांतील फेरफारामुळें २०२४ सालीं मागें घ्यावा लागला. परीक्षेंत कॉपी केवळ मुलेंच करतात असें नाहीं. तरी मूळ कल्पना अगदींच पोकळ नव्हती. २०२३ सालीं लेकानेमॅब आणि २०२४ सालीं डोनानेमॅब ह्या औषधांना अमेरिकेंत पूर्ण मान्यता मिळाली. अठरा महिन्यांच्या चाचणींत लेकानेमॅबनें ऱ्हासाचा वेग सुमारें सत्तावीस टक्क्यांनीं कमी केला. गेलेली स्मृति परत आली नाहीं. कांहींच्या मेंदूला सूज आली, रक्तस्राव झाला. आणि हीं औषधें केवळ आरंभींच्या अवस्थेंत द्यावयाचीं असतात. तीच अवस्था आपण ‘वयाचें आहे’ म्हणून घालवितों.

आपल्याकडे काय? २००१ सालीं मुंबईंतील एक पाहणी प्रसिद्ध झाली. पासष्टीवरील शेंकडा २.४४ लोकांना स्मृतिभ्रंश आढळला. २०२३ सालीं देशव्यापी पाहणीनें साठीवरील शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लाख, असा अंदाज दिला. मोजण्याच्या रीती निराळ्या, म्हणून नुसती वजाबाकी करूं नये. परीक्षा घेण्याचीच अडचण मोठी: ज्याला अक्षरओळख नाहीं त्याला ‘एक वाक्य लिहा’ सांगून काय समजणार? हरियाणांतील बल्लभगढच्या पाहणीसाठीं म्हणूनच हिंदींतून निराळी कसोटी तयार करावी लागली.

हळदीविषयीं मला नेहमीं विचारतात. रुग्णांवरील चाचण्यांत तिचा खात्रीचा गुण दिसलेला नाहीं, आमटींत घालावी. ‘लॅन्सेट’च्या समितीनें २०२४ सालीं मात्र चौदा टाळतां येण्याजोगीं कारणें दिलीं: बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, आणि लहानपणीं शिक्षण न मिळणें हींहि त्यांत आहेत. तीं सर्व दूर झालीं, तर जवळजवळ निम्मे रोगी वांचतील किंवा त्यांचा रोग लांबेल, असा तिचा हिशेब आहे.

आमचे गणिताचे गुरुजी पुढें तीन वर्षें होते. नवी आठवण नोंदणारा मेंदूचा भाग ह्या रोगांत आधीं खचतो, जुनी घोकंपट्टी मागाहून जाते, हें मला डॉक्टरांनीं समजाविलें. तेव्हांपासून दर रविवारीं मी जाऊन बसें आणि पावकी सुरू करीं. मी कोण हें त्यांना ठाऊक नसे. मीं मुद्दाम एखादी चूक केली, कीं ते थांबवीत आणि पुन्हां पहिल्यापासून म्हणावयास लावीत.